दरड ठेवू की काढू? ऑफसाइटचा पंथ होतो अशी थरारकथा लिहितेय, मदत हवी

रानजाई | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, गेले आठ महिने एक दीर्घकथा लिहितेय आणि आता गाडी पुरती अडलीय.

कथा अशी. हिंजवडीतली एक कंपनी, चाळीस जणांची टीम. पावसाळ्यात भंडारदऱ्याला धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर चार दिवसांची ऑफसाइट. बाहेरून एक प्रशिक्षक येतो, नाव अजून ठरलेलं नाही, सगळे त्याला 'सर' म्हणतात. दुसऱ्या रात्री दरड कोसळते, रस्ता बंद, मोबाइलला रेंज नाही. चार दिवसांचे नऊ होतात आणि सर हळूहळू सगळ्यांचा ताबा घेतात. नवव्या दिवशी रस्ता मोकळा होतो तेव्हा चाळीसातले एकतीस जण परत यायला तयार नसतात. नायिका वैदेही, टेस्टिंगची लीड, डोक्यावर गृहकर्ज, घरी सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा.

पहिली तीन प्रकरणं धाकट्या बहिणीला वाचायला दिली. ती म्हणाली, "ताई, भाषा छान आहे, पण शिकलेली चाळीस माणसं नऊ दिवसांत अशी वेडी होतील हे पटत नाही."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यात फिरतंय. तिचं खरं आहे का? असं कुठे घडलंय का? आणि घडलं असेल तर नेमकं कसं घडतं? सर संमोहन करतात, चहात काही घालतात, असल्या सोप्या वाटेने मला जायचं नाही. तुमचे अनुभव, ऐकलेलं, वाचलेलं, सगळं सांगा.

चहाबाज | सोमवार, रात्री १०:२०

पहिला! आमच्या ऑफसाइटला रात्री अकरानंतर एकच पंथ असतो, रमीचा. त्याचे गुरू अकाउंट्सचे कुलकर्णी काका आणि दक्षिणा दर डावाला दहा रुपये.

आता गंभीरपणे: चहाला हात लावू नकोस, एवढीच विनंती. बाकी धागा वाचतोय.

हडसनकाठ | सोमवार, रात्री ११:४१

रानजाई, बहिणीला सांग की असं घडलंय. मी जिथे गेली चौदा वर्षं राहतो तिथेच घडलंय.

न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. शहराच्या उत्तरेला शांत वसाहती आहेत, एकसारखी घरं, पुढे हिरवळ. तिथे १९९८ मध्ये किथ रॅनिएरी आणि नॅन्सी साल्झमन या दोघांनी 'एक्झिक्युटिव्ह सक्सेस प्रोग्रॅम्स' सुरू केले. नाव बघ: अध्यात्म नाही, देव नाही, आश्रम नाही. अधिकाऱ्यांसाठी, उद्योजकांसाठी यशाचे वर्ग. पाच दिवसांचं शिबिर, सोळा दिवसांचं शिबिर, हजारो डॉलर फी. पुढे या सगळ्याचं नाव झालं नेक्सियम. रॅनिएरीची आधी 'कन्झ्युमर्स बायलाइन' नावाची कंपनी होती. ती पिरॅमिड योजना असल्याच्या आरोपांवरून अनेक राज्यांनी कारवाई केली आणि नव्वदीच्या दशकात ती बंद पडली. म्हणजे माणसं जोडून साखळी कशी वाढवायची याचा त्याचा सराव आधीच झालेला होता.

आत काय असायचं? वर्गाबाहेर चपला काढायच्या. गोपनीयतेच्या करारावर सही करायची. गळ्यात रंगीत पट्टी, आपल्याकडच्या उपरण्यासारखी. नवख्याची पांढरी, मग पिवळी, नारिंगी, हिरवी अशा चढत्या पायऱ्या, आणि वर चढायचं तर नवी माणसं आणायची. रॅनिएरीला 'व्हॅनगार्ड' म्हणायचं, साल्झमनबाईंना 'प्रीफेक्ट'. रोज एक प्रतिज्ञा म्हणायची. तिचा एक भाग असा की अंतिमतः कुणीच बळी नसतं, म्हणून मी बळी व्हायचं निवडणार नाही. हे वाक्य तुझ्या वहीत लिहून ठेव. ऐकायला किती चांगलं आहे! पण हे एकदा मनापासून मान्य केलं की पुढे तुझ्याशी कुणी काहीही केलं तरी दोष तुझाच ठरतो.

दरवर्षी ऑगस्टमध्ये रॅनिएरीच्या वाढदिवसाच्या सुमारास लेक जॉर्जच्या काठी सिल्व्हर बे इथे त्यांची मोठी निवासी जत्रा भरायची. मी त्या तळ्यावर मुलांना घेऊन कितीदा गेलोय. डोंगर, बोटी, लाकडी जुन्या इमारती. लोक कुटुंबासकट यायचे, खेळ, गाणी, व्याख्यानं. कुंपण नाही, पहारेकरी नाही.

आणि यातून २०१५ च्या सुमारास एक गुप्त गट निघाला. त्यात बायका 'गुलाम' आणि 'मालकीण'. आत जायचं तर 'तारण' द्यायचं, म्हणजे स्वतःची उघडी छायाचित्रं, घरच्यांवर बालंट आणणारी पत्रं, मालमत्तेचे हक्क. मग भूल न देता शरीरावर डाग. त्या डागात रॅनिएरीच्या नावाची आद्याक्षरं होती आणि ती कितीतरी जणींना ठाऊकच नव्हती. सारा एडमंडसन ही व्हँकुव्हरचं केंद्र चालवणारी अभिनेत्री ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून उघडपणे बोलली, तेव्हा जगाला कळलं.

मार्च २०१८ मध्ये रॅनिएरी मेक्सिकोत पकडला गेला. ब्रुकलिनच्या न्यायालयात जून २०१९ मध्ये ज्यूरीने पाच तासांच्या आत सगळ्या आरोपांत दोषी ठरवलं. ऑक्टोबर २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा.

वेड्या माणसांची ही गोष्ट नाही. त्यात सीग्रॅम मद्यसाम्राज्याच्या दोन वारसदार बहिणी होत्या, मेक्सिकोच्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा होता, डॉक्टर, अभिनेत्री, उद्योजक होते.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:०५

हडसनकाठ, रात्रभर झोप नाही लागली. ते 'बळी' वाक्य तर आईशप्पथ अंगावर आलं. पण यात वीसेक वर्षं गेलीत. माझ्याकडे नऊ दिवस आहेत.

सडेतोड | मंगळवार, सकाळी ९:३०

मला वेगळं म्हणायचंय. अशा धाग्यांवर शेवटी प्रत्येक प्रशिक्षण म्हणजे बुवाबाजी ठरते, ते मला मान्य नाही.

मी औसा तालुक्यातल्या खेड्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. नोकरीला लागलो तेव्हा मीटिंगमध्ये तोंड उघडलं की घाम फुटायचा. कंपनीने तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. तिथेही मोबाइल काढून घेतले, तिथेही गोलात बसवलं, तिथेही लोक रडले, मीही रडलो. शेवटच्या दिवशी पन्नास जणांपुढे इंग्रजीत पाच मिनिटं बोललो. आज टीम सांभाळतो. त्या प्रशिक्षकांनी नंतर एक फोनही केला नाही, काही विकलं नाही. त्यांना मी आजही मनातून नमस्कार करतो.

तेव्हा रानजाई, लिहा जरूर, पण गोलात बसणाऱ्या सगळ्यांना गुन्हेगार करू नका.

कोकणसखी | मंगळवार, सकाळी ९:५२

सडेतोड, अनुमोदन. पण मला वाटतं भीती तिथेच आहे. चांगलं आणि वाईट शिबिर पहिल्या दिवशी हुबेहूब सारखंच दिसत असेल तर?

हडसनकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

कोकणसखी, अगदी. नेक्सियममधून बाहेर पडलेल्या कित्येकांनी सांगितलंय की पहिले पाच दिवस खरंच उपयोगी वाटले होते. कुणाची भीती गेली, कुणी आईशी वर्षांनी बोललं. म्हणून तर पुढच्या शिबिराचे पैसे भरले.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी १२:०८

नमस्कार. मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा असेन. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात टेलिफोन यंत्रणेशी संबंधित काम करत होतो, त्यामुळे एक हकीकत जवळून ठाऊक आहे. ती पंथाची नाही, पण तुम्हाला लागेल.

पॅसिफिक बेल ही तिथली टेलिफोन कंपनी. सुमारे ६७,००० कर्मचारी. १९८४ मध्ये एटी अँड टी या तिच्या मूळ कंपनीची फाळणी झाली आणि सरकारी वळणाची ही कंपनी एकदम बाजारात उभी राहिली. कर्मचाऱ्यांची मानसिकता बदलायची म्हणून चार्ल्स क्रोन या सल्लागाराच्या विचारांवर बेतलेलं नेतृत्व प्रशिक्षण आणलं. त्या विचारांची मुळं गुर्जिएफ या गूढवादी गुरूपर्यंत जात होती. लोकांनी त्याला नाव पाडलं 'क्रोनिंग'.

प्रशिक्षण घेतलेले लोक वेगळीच भाषा बोलू लागले. शब्द इंग्रजीच, पण साधी गोष्ट सांगायला अशी लांबलचक वाक्यं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला अर्थ लागू नये. ज्यांना ती भाषा येत नाही ते मागे पडणार, अशी धास्ती. १९८७ मध्ये वर्तमानपत्रांत आलं, राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाने चौकशी केली. कर्मचाऱ्यांच्या तक्रारींत 'मनावर ताबा' हे शब्द होते. तोवर सुमारे ४ कोटी डॉलर खर्च झाले होते आणि प्रश्न आला की हा पैसा फोन ग्राहकांच्या बिलातून का घ्यायचा? प्रशिक्षण बंद झालं.

माझा एक मित्र त्यातून गेला होता. मी विचारलं, फरक काय पडला? तो म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत आता आम्ही दोन टेबलांवर बसतो." एवढंच.

रानजाई, कथेतल्या सरांना स्वतःचे शब्द द्या. नवी भाषा आली की आतले आणि बाहेरचे आपोआप वेगळे होतात. त्यासाठी नऊ दिवस भरपूर झाले.

चहाबाज | मंगळवार, दुपारी १२:३०

काका, दंडवत. आमच्याकडे 'लेट्स टेक इट ऑफलाइन' म्हणणारे आणि 'नंतर बोलू' म्हणणारे असे दोन पंथ आहेतच.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी १:१५

चहाबाज, हसलो. एक राहिलं. त्याच राज्यात त्याआधी, साठ-सत्तरच्या दशकात, विल्यम पेन पॅट्रिक नावाचा गृहस्थ होता. 'हॉलिडे मॅजिक' ही त्याची सौंदर्यप्रसाधनं विकणारी साखळी कंपनी. वरच्या पायरीवर जायचं असेल तर त्याच्याच 'लीडरशिप डायनॅमिक्स' या शिबिराला जावं लागे, हॉटेलमध्ये चार दिवस. तिथे लोकांना मारहाण झाली, शवपेटीत घालून झाकण लावलं गेलं, क्रूसावर टांगलं गेलं. हे सगळं नंतर कोर्टकचेऱ्यांत आलं. विक्रेते, व्यापारी अशी साधी माणसं होती ती, पैसे भरून आलेली. म्हणजे कंपनीचं शिबिर आणि पंथ यांचं नातं नवं नाही.

फाइलबाई | मंगळवार, रात्री ९:४८

मी एचआरमध्ये आहे, सतरा वर्षं. किमान तीस ऑफसाइट मी स्वतः आखल्यात. हा धागा काल रात्रीपासून वाचतेय, लिहू की नको असं होत होतं.

रानजाई, कथेला लागणारा तपशील आधी देते. खोल्या आम्ही ठरवतो आणि मुद्दाम ओळख नसलेली माणसं एकत्र टाकतो. कारण चांगलंच असतं, ओळखी व्हाव्यात. पण त्यामुळे पहिल्या रात्री मैत्रिणीशी कुजबुजायला कुणी उरत नाही. वेळापत्रक सकाळी साडेसहाला योग आणि रात्री बाराला शेकोटी असं भरगच्च असतं, कारण पैसे वसूल व्हायला हवेत. म्हणजे झोप साडेपाच तास. मोबाइल टोपलीत. घड्याळ हल्ली कुणाकडे नसतंच. हे सगळं मी प्रामाणिक हेतूने केलंय. तुमच्या सरांना वेगळं काही करावंच लागणार नाही, आमचं साधं वेळापत्रक घेतलं तरी पुरे.

आता जे सांगायचं होतं ते. 'आयुष्याचा आलेख' नावाचा एक खेळ असतो. चार्ट पेपरवर स्केचपेनने रेघ काढायची, जन्मापासून आजपर्यंतचे चढउतार, आणि मग सगळ्यांना समजावून सांगायचं. रात्री घेतात, दिवे मंद करून. पहिला माणूस जितकं खोल जातो तितकं खोल पुढच्यांना जावंसं वाटतं, म्हणून अनुभवी प्रशिक्षक पहिला माणूस निवडून ठेवतो. एका वर्षी परभणीकडचा एक मुलगा बोलला. वडिलांच्या आजारपणात तो वर्षभर गोळ्यांवर होता, हे त्याने घरीही सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी त्याला मिठी मारली. मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो इतका हलका दिसत होता की मला माझ्या कामाचं सार्थक वाटलं.

सहा महिन्यांनी पगारवाढीची बैठक. बढतीसाठी त्याचं नाव आलं आणि त्याचा मॅनेजर म्हणाला, "त्याला ताण झेपत नाही, त्यानेच सांगितलंय ना सगळ्यांसमोर." मी त्या खोलीत होते. मी काहीही बोलले नाही. नाव पुढच्या वर्षावर गेलं, आणि पुढच्या वर्षी तो कंपनीतच नव्हता.

नंतर तो खेळ मी कायमचा बंद केला. पण त्या दिवशी गप्प बसले ते बसलेच. हडसनकाठ यांनी 'तारण' शब्द लिहिला, तो वाचून तो मुलगा डोळ्यांसमोर आला.

कोकणसखी | मंगळवार, रात्री १०:०२

फाइलबाई, हे लिहायला धीर लागतो.

काळाकोट | बुधवार, सकाळी ८:१७

वकिलाच्या नजरेतून. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर तो आला. पण त्या कायद्यात नेमकी कृत्यं अनुसूचीत दिली आहेत: भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून फसवणूक, वगैरे. अंगात न येता पॉवरपॉइंटवर बोलणारा बुवा त्यात सहजी बसत नाही. कुणाला कोंडून ठेवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ आहे, पण तुमचे एकतीस जण स्वखुशीने थांबलेत. वैदेही पोलिसांत गेली तर ठाणेदार विचारणार, तक्रार काय? तो प्रसंग जरूर लिहा.

अमेरिकेतला एक खटला इथे अगदी चपखल बसतो. लाँग आयलंडवरची एक आरोग्य सवलतींची कंपनी. मालकांच्या नात्यातल्या बाईंनी 'अनियनहेड' नावाची पद्धत आणली, वाद मिटवायचं साधन म्हणून. कर्मचाऱ्यांनी प्रार्थना करायची, सहकाऱ्यांना 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणायचं, बिल्ला लावायचा, टेबलाजवळ 'अनियनहेड'ची कार्डं ठेवायची, दिवे मंद ठेवायचे. नकार देणाऱ्या एका बाईंना त्यांच्या खोलीतून हलवून मोकळ्या जागेत बसवलं आणि त्यांच्या खोलीत बुद्धाची मोठी मूर्ती ठेवली, मग कामावरून काढलं. समान रोजगार संधी आयोगाने २०१४ मध्ये दावा लावला. एप्रिल २०१८ मध्ये ज्यूरीने दहा कर्मचाऱ्यांना ५१ लाख डॉलर द्यायला सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की हा धर्म नव्हेच. न्यायालयाने तो धर्मच मानला.

डोंगर नाही, दरड नाही. साधं ऑफिस, नऊ ते पाच.

सडेतोड | बुधवार, सकाळी ९:०५

फाइलबाईंचा प्रतिसाद वाचून काल बराच वेळ बसून होतो. माझ्या शिबिरात मी जे सांगितलं ते माझ्या मॅनेजरने कधी वापरलं नाही, म्हणून मी आज नमस्कार करतोय. वापरलं असतं तर? माझं मत पूर्ण बदललं नाही, पण हे आधी सुचलं नव्हतं.

अंगणवेल | बुधवार, दुपारी ३:२२

मी समुपदेशक आहे. काळाकोट यांचं शेवटचं वाक्य धरून बोलते, कारण मला दरडीबद्दलच बोलायचंय. दरड काढा.

रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने चीनच्या 'विचारसुधारणा' छावण्यांतून आलेल्यांशी बोलून १९६१ मध्ये आठ लक्षणं मांडली. बाहेरच्या माहितीवर ताबा, कबुलीजबाबाचा आग्रह, ठरावीक साच्यातली भाषा, अनुभवापेक्षा सिद्धान्त मोठा, अशी. काकांनी भाषा सांगितली, फाइलबाईंनी कबुलीजबाब सांगितला. यातल्या कशालाही कुलूप लागत नाही.

८ ऑक्टोबर २००९, अमेरिकेत अॅरिझोनामधलं सेडोना. जेम्स आर्थर रे हा यशाचं तत्त्वज्ञान विकणारा वक्ता. त्याच्या शिबिराची फी माणशी ९,००० डॉलरच्या वर. आधी वाळवंटात ३६ तास अन्नपाण्याशिवाय एकटं बसवलं. मग शेवटच्या दिवशी ताडपत्री-घोंगड्यांनी झाकलेल्या बुटक्या झोपडीत पन्नासहून अधिक माणसं, मध्ये तापलेले दगड, त्यावर पाणी. वाफेचे एकामागून एक फेरे. तीन माणसं गेली. रेला २०११ मध्ये निष्काळजीपणे मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काय छळतं सांगू? प्रत्येक फेऱ्यानंतर झोपडीचं दार उघडत होतं. काही जण बाहेर पडलेही. बाकीचे शेजारचा माणूस बेशुद्ध पडत असताना आत बसले. कारण रे दाराशी बसून सांगत होता की तुम्ही याच्या पलीकडचे आहात, आणि शेजारी बसलेले सगळे ते मानत होते.

दरड कोसळली की वाचक सुटकेचा श्वास घेतो. 'बिचारे अडकले, काय करणार?' तो सुटकेचा श्वास त्याला देऊ नका.

हडसनकाठ | बुधवार, दुपारी ४:४०

अंगणवेल यांना जोरदार दुजोरा. नेक्सियमच्या खटल्यात एका तरुण मेक्सिकन मुलीची साक्ष झाली. रॅनिएरीला न आवडणाऱ्या माणसावर तिचा जीव जडला म्हणून जवळजवळ दोन वर्षं ती एका खोलीत राहिली. त्याच घरात तिचे आईवडील होते. खोलीला कुलूप नव्हतं. बाहेर पडलीस तर कागदपत्रांशिवाय मेक्सिकोला पाठवू, घरच्यांशी संबंध संपेल, एवढं सांगितलेलं पुरलं.

घोटीकर | बुधवार, संध्याकाळी ६:११

मी या भागातला. साहित्यातलं मला कळत नाही, रस्त्याचं कळतं. घोटीकडून बारी, मग शेंडी, हा रस्ता पावसात खराब होतो, झाडं पडतात, पण नऊ दिवस कुणी अडकून राहत नाही. एक बंद झाला तर राजूर-अकोल्याकडून निघता येतं. आणि रेंज नाही म्हणता, पण धरणाच्या भिंतीवर गेलं की कुठली ना कुठली कंपनी लागतेच, गावातल्या कुणालाही विचारा. दूधवाला, भाजीवाला, रिसॉर्टमध्ये काम करणाऱ्या शेंडीच्या बाया रोज येणार-जाणार. त्या सगळं बघणार. त्यांना तुमच्या गोष्टीत जागाच नाही का?

रानजाई | बुधवार, संध्याकाळी ६:३०

घोटीकर!!! त्या बाया माझ्या डोक्यातच नव्हत्या. थांबा, हे लिहून घेते.

मिरजमळा | बुधवार, रात्री ११:३३

कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. माझा मोठा भाऊ अशा एका साखळीत तीन वर्षं होता. नाव घेत नाही. त्याच्या साहेबांनी शनिवार-रविवारच्या शिबिराला नेलं, मग पुढचं शिबिर, मग त्याच्या पुढचं. पीएफ काढला. रोज संध्याकाळी सात ते दहा नव्या लोकांना फोन. आईने एकदा विचारलं, हे कशासाठी, तर म्हणाला, "तू नकारात्मक आहेस." आमची आई, जी शेजारणीच्या म्हशीलाही वाईट बोलत नाही.

मी भांडलो. बातम्या, लेख, सगळं त्याच्या तोंडावर टाकलं. प्रत्येक भांडणानंतर तो आणखी आत गेला, कारण घरचे विरोध करतील हे त्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मी ते खरं करून दाखवत होतो. आई मात्र दर रविवारी फोन करून फक्त विचारायची, "जेवलास का?" आणि कुणी पुण्याला निघालं की त्याच्यासाठी भडंग पाठवायची.

तो का बाहेर आला ठाऊक आहे? पैसे बुडाले म्हणून नाही. तीन वर्षांनी एका मोठ्या कार्यक्रमात त्यांच्या प्रमुखाने त्याला मंचावर बोलावलं आणि त्याचं नाव चुकवलं. दोनदा. दादा सांगतो की त्या क्षणी त्याला आईचा आवाज ऐकू आला. रात्रीच्या गाडीने मिरजेला आला. आईने काही विचारलं नाही, ताट वाढलं.

रानजाई, वैदेहीला सोडवायला हुशार पत्रकार किंवा शूर नवरा आणू नका. एवढंच म्हणायचं होतं.

चहाबाज | बुधवार, रात्री ११:५०

मिरजमळा, आईंना माझा नमस्कार सांगा. आज विनोद नाही.

अंगणवेल | गुरुवार, सकाळी ७:४०

मिरजमळा, तुमच्या आईने जे केलं ते आम्ही कुटुंबांना फीस घेऊन शिकवतो. संपर्क तुटू द्यायचा नाही, वाद घालायचा नाही, दार उघडं ठेवायचं. आणि भांडलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. भाऊ होतात म्हणून भांडलात.

काळाकोट | गुरुवार, सकाळी १०:१२

कथेसाठी एक व्यावहारिक मुद्दा. आपल्याकडे नोकरदाराला बांधून ठेवायला छायाचित्रं लागतच नाहीत. तीन महिन्यांचा नोटिस पीरियड, रिलीव्हिंग लेटर, आधीच्या कंपनीतून होणारी चौकशी आणि गृहकर्जाचा हप्ता एवढं पुरतं. वैदेही मध्येच उठून गेली तर 'संघभावना नाही' असा शेरा. सरांनी तिला धमकी द्यायची गरजच नाही. तिचा आवडता टीम लीड काळजीच्या सुरात सांगेल, "वैदेही, आत्ता गेलीस तर कसं दिसेल?"

सडेतोड | गुरुवार, सकाळी १०:४०

हे वाक्य मला एकदा कुणीतरी म्हटलंय. आणि मीही एकाला म्हटलंय.

फाइलबाई | गुरुवार, दुपारी १:०५

मीही.

रानजाई, मी कथेत असते तर खलनायिका नसते. मीच टोपलीत मोबाइल गोळा करणारी, सगळ्यांना वेळेवर चहा मिळतोय ना बघणारी, आणि मीच सगळ्यांत शेवटी निघणारी. हवी तर घ्या मला.

रानजाई | रविवार, रात्री ९:५५

चार दिवस इथे आले नाही, कारण लिहीत होते. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

दरड काढली. नऊ दिवसांचे पुन्हा चार केले. सरांचं नाव ठेवलंच नाही, आणि ते आता फार बोलतही नाहीत. बोलतात ती टीममधलीच माणसं, जी वैदेहीची खरोखर मित्र आहेत. मोबाइलची टोपली एका एचआरवालीच्या हातात आहे, तिचं नाव शुभांगी, आणि तिला मी फार जपून लिहितेय. शेंडीची एक बाई, हौसाबाई, रोज सकाळी भांडी घासायला येते आणि काचेतून आतल्या लोकांना रडताना बघते. तिसऱ्या दिवशी ती वैदेहीला विचारते, "बाई, कोण गेलं?"

चौथ्या दिवशी दुपारी ठरल्याप्रमाणे बस येते. दार उघडं, ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढतोय, पाऊस थांबलाय. सरांनी फक्त एवढंच म्हटलंय की ज्यांना अजून एक दिवस थांबावंसं वाटतं त्यांनी थांबावं, सक्ती नाही. चाळीस जण पायऱ्यांवर उभे आहेत आणि एकमेकांकडे बघतायत. शुभांगी टोपली घेऊन सगळ्यांसमोर येते. कुणीही हात पुढे करत नाही. वैदेहीला आपला मोबाइल सगळ्यांत वर दिसतो, त्यावर घरचे अकरा मिस्ड कॉल.

हे बहिणीला पाठवलं. तिने फोन करून विचारलं, "मग ती घेते का मोबाइल?"

मलाच अजून ठाऊक नाही.

घोटीकर | रविवार, रात्री १०:१८

छान जमलंय. फक्त विडी काढा, आमच्याकडचे ड्रायव्हर हल्ली तंबाखू मळतात. आणि हौसाबाईला पगार वेळेवर मिळू द्या.

मिरजमळा | रविवार, रात्री १०:२६

अकरा मिस्ड कॉलपैकी एक तरी सासूबाईंचा असू दे. पुढचा भाग टाका लवकर.